मामा, पुढे चल ना!

गवत हलत होतं. नुसतं हलत नव्हतं; वारा डोंगरावरून उतरला, पांढऱ्या तुऱ्यांवरून हात फिरवत आला, माझ्या घोड्याच्या पोटाखालून गेला आणि पलीकडच्या उतारावर निवांत पसरला. घोडा थांबलेला, मी थांबलेलो. शेजारी सोफ्यावर माझा बारा वर्षांचा भाचा. हातात पोह्यांची बशी आणि चेहऱ्यावर सिग्नलला अडकलेल्या रिक्षाचं मीटर बघणाऱ्या गिऱ्हाइकाचे भाव.

“मामा, पुढे चल ना!”

“थांब रे, गवत बघतोय.”

“दहा मिनिटं झाली. तिकडे मंगोल आलेत.”

मंगोल आलेत हे खरंच होतं. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या व्हिडिओ गेममध्ये साल आहे १२७४. जपानच्या त्सुशिमा बेटावर मंगोलांची फौज उतरलेली आहे आणि तिला परतवण्याचं काम ज्या सामुराईवर आलंय, त्याचा रिमोट दुर्दैवानं माझ्या हातात आहे. (‘रिमोट’ हा आमच्या आईचा शब्द. बटणं असलेली आणि सोफ्याच्या फटीत जाणारी प्रत्येक वस्तू तिच्या लेखी रिमोट.) माझं म्हणणं एवढंच, की जे मंगोल १२७४ पासून थांबलेत, ते आणखी दहा मिनिटं थांबले तर काय बिघडलं?

या गेममध्ये रस्ता दाखवायला बाण नाहीत. वाऱ्याला हाक मारायची, मग जिकडे जायचं तिकडे वारा वाहतो, गवत वाकतं, पानं उडतात. ज्यानं हे शोधलं त्याच्या हाताचा मुका घ्यावा. आणि हा वारा ‘पुढे जाऊन कुणालाही विचारा’ असं म्हणत नाही, हे माझ्यासारख्या पुणेकराला विशेष वाटतं. गेम केलाय अमेरिकेतल्या लोकांनी, पण बेट इतकं मनापासून चितारलंय की २०२१ साली खऱ्या त्सुशिमा शहरानं त्यांच्यातल्या दोघा प्रमुखांना आपले पर्यटनदूत नेमलं. मी त्या गवतात रोज संध्याकाळी तासभर उभा असतो. मला अजून कोणी काही नेमलेलं नाही.

तर हा माझा रोग. गेम लोक जिंकण्यासाठी खेळतात, मी भिंतींचा रंग बघायला जातो. सिनेमात लोक गोष्ट बघतात, मी गोष्टीच्या मागचं झाड बघतो. शिवाय तो सिनेमा अ‍ॅनिमेशनचा असला तर आणखी पंचाईत. तिकीट खिडकीवरचा माणूस विचारतो, “मुलं किती?” मी म्हणतो, “एकही नाही.” मग तो माझ्याकडे असा बघतो, जसा आमच्या सोसायटीचा वॉचमन कुरिअरवाल्याकडे बघतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा मी एकटाच गेलो होतो. युगो साको नावाचा एक जपानी गृहस्थ रामायणाच्या प्रेमात पडला आणि आपले अ‍ॅनिमेटर राम मोहन यांना हाताशी धरून त्यानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा सिनेमा हातानं काढवून घेतला. शेजारच्या खुर्चीतल्या चिमुरड्यानं कुंभकर्ण उठताना माझा हात घट्ट धरला. मला वाटलं पोर घाबरलं. पण दिवे लागल्यावर तो आजोबांना सांगत होता, “ते काका घाबरले होते, म्हणून मी हात धरला.”

आता मतांकडे येतो. (पुण्यात मतं नळाच्या पाण्यापेक्षा नियमित येतात.) माझं एक मत फार जुनं आणि घरातल्या सगळ्यांना पाठ झालेलं आहे : चित्राला काहीतरी कमी पडलं पाहिजे. जागा कमी पडावी, पैसे कमी पडावेत, रंग कमी पडावेत. सगळं भरपूर मिळालं की चित्र लग्नाच्या पंगतीतल्या जिलबीसारखं होतं. असते खूप, खात कोणी नाही.

मारिओचंच घ्या. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतोंना हा इवलासा माणूस मूठभर ठिपक्यांत बसवायचा होता. एवढ्या ठिपक्यांत नाकाखाली तोंड काही दिसेना, म्हणून मिशी लावली. उडी मारताना केस उडवायचे तर आणखी कटकट, म्हणून टोपी घातली. आपल्याकडे मिशीला पीळ मर्दानगीसाठी देतात. मारिओनं ती जागेअभावी ठेवली. आणि आज चाळीस वर्षं होऊन गेली, ठिपके हवे तेवढे मिळतात, तरी मिशी काढायची कोणाची टाप नाही. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तर आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं ही एकच चित्रं आहेत. वर पांढरी, खाली हिरवी. हे कळलं त्या दिवशी मी भाच्याला उठवून सांगितलं. सकाळचे सहा वाजले होते. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, नंतर दोन दिवस फोन घेतला नाही.

पण या उणिवेच्या धर्मातलं माझं काशी-रामेश्वर म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’.

१९९३. टिळक रस्त्यावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास. चपला बाहेर काढायच्या. चपलांतून व्हायरस आत येतो, असं आमच्या बॅचमधल्या निम्म्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. आत एसी, जो आमच्यासाठी नव्हता. शिकायचं होतं वर्डस्टार आणि लोटस. पण सर चहाला गेले, की कोणाच्या तरी वहीतून कागदी पाकिटातली मोठी फ्लॉपी निघायची, पाटावर ठेवलेल्या पापडासारखी जपून. मग काळ्या पडद्यावर तो राजपुत्र यायचा आणि पळायचा.

तो पळायचा म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगता येत नाही. तोवर गेममधली माणसं सरकायची, कॅरमच्या सोंगटीसारखी. हा पळताना वजन टाकायचा. थांबताना एक पाऊल जास्त पडायचं. कड्याला लोंबकळल्यावर आधी पाय हलायचे, मग दंडावर जोर घेऊन अंग वर यायचं, आणि आम्ही सहा जण एका स्टुलाभोवती आपापले दंड आवळून उभे असायचो. जॉर्डन मेकनर नावाच्या पोरगेल्या माणसानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चित्र गिरवून १९८९ साली हा गेम अ‍ॅपल टू नावाच्या कॉम्प्युटरवर आणला. तलवारबाजी मात्र भावाला जमण्यातली नव्हती; ती त्यानं १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून उचलली.

खरी गंमत पुढे आहे. राजपुत्र, त्याच्या उड्या, लोंबकळणं, पडणं एवढं सगळं भरल्यावर मेमरी संपली. आता शत्रू काढायला जागाच उरली नाही. घरात ऐनवेळी चार पाहुणे आले की आई जशी आमटीत पाणी वाढवायची, तसं मेकनरनं केलं : राजपुत्राचीच चित्रं घेतली, थोडी सरकवून एकमेकांवर टाकली आणि त्यातून एक लुकलुकणारी सावली निघाली. चौथ्या पातळीवर तुम्ही आरशातून उडी मारता आणि पलीकडून तुमचीच सावली निसटून पळते. पुढे तीच तुमचं औषध पिऊन टाकते, तीच दार लावून घेते. खलनायक म्हणून वेगळा माणूस परवडत नव्हता म्हणून हिरोलाच कामाला लावला, आणि गेममधली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट ती झाली! सर चहाहून परतले तेव्हा आम्ही सहाही जण त्या आरशासमोर गप्प उभे होतो. त्यांना वाटलं, आम्हाला लोटस समजलं.

आता याच्या उलटचं टोक बघा. २०१९ चा ‘द लायन किंग’. यात काही म्हणता काही कमी पडलेलं नाही. आयाळीचा केस न् केस मोजून घ्यावा. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनीच सांगितलंय, की अख्ख्या सिनेमात कॅमेऱ्यानं टिपलेलं खरं दृश्य एकच, सुरुवातीचा सूर्योदय. म्हणजे सिनेमातला उत्तम अभिनय सूर्याचा आहे.

बाकी सिंह कसे? तर सिंहासारखे. तीच तर तक्रार आहे! १९९४ च्या हातानं काढलेल्या सिनेमात सिंबा मेलेल्या बापाच्या पंजाखाली शिरतो, तेव्हा मी तीन रुमाल भिजवले होते. कारण त्या छाव्याला भुवया होत्या. सिंहाला भुवया नसतात हे चित्रकारांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण भुवई नसेल तर दुःख ठेवायचं कुठे? नवा सिंबा शास्त्रशुद्ध. बाप मेला तरी चेहरा आधार कार्डावरचा. हिंदीत मुफासाला खुद्द शाहरुख खाननं आवाज दिला, हात पसरल्याचं नुसतं आवाजातून ऐकू येतं, पण पडद्यावर तोंड उन्हात बसलेल्या मांजराचं. बरं, त्याच्या डोळ्यांत पाणी आणावं, तर इतक्या खऱ्या सिंहाच्या डोळ्यांत पाणी बघून लोक म्हणणार, डोळे आलेत, ड्रॉप्स घाला.

याउलट आमचा शेरखान. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा ‘जंगल बुक’ हा जपानी माल होता, १९८९ चा, ५२ भागांचा. जपान्यांनी काढलेला, आपल्या पेंचच्या बाजूच्या सिवनीतला वाघ, आणि तो बोलायचा मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरच्या आवाजात. त्या वाघाचं तोंड तीन-चार चित्रांत उघडायचं आणि मिटायचं, शब्द संपले तरी जबडा चालू. पण नानानं एकदा गुरकावलं की आमच्या चाळीतली गाद्यांखालची पोरं संध्याकाळपर्यंत बाहेर यायची नाहीत.

हे सगळं मी गेल्या वर्षी आमच्या कौटुंबिक ग्रुपवर मांडायचा प्रयत्न केला, आणि नेमकी वेळ चुकली. मार्च २०२५. सगळ्या जगाला आपापले फोटो ‘घिबली’ करून, म्हणजे त्या जपानी स्टुडिओच्या सिनेमातल्या चित्रांसारखे करून मिळू लागले होते. आमच्या मेव्हण्यांनी सत्यनारायणाचा फोटो यंत्राला दिला आणि चहा गाळेपर्यंत तयार झाला. केळीचे खुंट नारळाची झाडं झाले होते. गुरुजींच्या उजव्या हाताला सहा बोटं होती, आणि पूजेला ती पुरत नाहीत अशी गुरुजींची नेहमीची तक्रार असल्यामुळे त्यांना ते आवडलं. आत्या तिशीतली दिसत होती. तिनं तो फोटो अजून डीपीला ठेवलाय. फक्त प्रसादाचा शिरा अप्रतिम दिसत होता, हे मान्य केलं पाहिजे.

“आता सांगा,” मेव्हणे म्हणाले, “तुमच्या त्या जपानी म्हाताऱ्याला हे करायला किती वेळ लागला असता?”

हा प्रश्न मला विचारायला नको होता. तो म्हातारा म्हणजे घिबलीचे हायाओ मियाझाकी. त्यांच्या २०१३ च्या ‘द विंड रायझेस’मध्ये गर्दीचं एक दृश्य आहे. चार सेकंदांचं. एइजी यामामोरी नावाच्या चित्रकारानं ते काढायला सव्वा वर्ष घेतलं. सव्वा वर्ष! आमच्या गल्लीतला रस्ताही साधारण तेवढाच वेळ खणलेला होता, आणि तिथे चार सेकंद बघण्यासारखंही काही निघालं नाही. त्या दृश्यातला प्रत्येक माणूस आपापल्या घाईनं निघालाय, कोणाच्या पाठीवर बोचकं, कोणी गाडी ओढतोय, एकजण दुसऱ्याची नक्कल नाही. मी ते चार सेकंद पुढे-मागे करत पाऊण तास बघितले. (“मामा, पुढे चल ना!” “अरे, पुढेच तर नेतोय, मग मागे आणतोय.”)

आणि हो, जपानात ‘घिबली’चा उच्चार ‘जिबली’च्या जवळचा करतात. हे मी ग्रुपवर लिहिल्यावर मेव्हण्यांनी नुसता अंगठा पाठवला.

चिवटपणाचा हा वसा जपान्यांचाच आहे असं नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडी थोडी फिल्म फिरवत त्याचं झाड होईपर्यंत वाट बघितली. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं आणि पैसे घालणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे त्यांनी आगपेटीतल्या काड्याही नाचवल्या, ‘आगकाड्यांची मौज’ म्हणून. पण मला त्या वाटाण्याचंच जास्त कौतुक आहे. इतके दिवस घरात कोवळे वाटाणे डोळ्यांसमोर लोंबत होते आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी त्यांची उसळ केली नाही, हे त्या माउलीचे भारतीय चित्रपटसृष्टीवरचे उपकार आहेत.

मियाझाकींचं मला सगळ्यात काय आवडत असेल, तर काहीही न घडणं. ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) मध्ये बसस्टॉपवर पाऊस पडतोय. थोरली बहीण बाबांची बस बघत उभी, धाकटी तिच्या पाठीवर झोपलेली, जवळ बाबांसाठी आणलेली छत्री. बस येत नाही. आमच्या कोकणातल्या एसटीच्या थांब्यावर तासन्‌तास उभं राहिलेल्या माणसाला हे दृश्य समजवावं लागत नाही. मग शेजारी एक भलंमोठं केसाळ काहीतरी येऊन उभं राहतं, डोक्यावर एक पान. पोरगी त्याला छत्री देते. त्यावर थेंब पडतो. टप्. त्याला त्या आवाजाचं इतकं अप्रूप वाटतं की ते एक उडी मारतं, आणि वरच्या सगळ्या झाडांवरचं पाणी एकदम धबधब्यासारखं खाली. बस्स, एवढंच. दुसऱ्या कोणी हा सिनेमा केला असता तर तिथे खलनायक आला असता, निदान गाणं तरी. गंमत म्हणजे जपानात हा सिनेमा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ला जोडून लागला होता, एका तिकिटात दोन. युद्धात अनाथ झालेल्या भावा-बहिणीची ती गोष्ट बघून माणूस आठवडाभर जेवत नाही. आधी टोटोरो लागला की नंतर, यावर त्या दिवशी घरी जाणाऱ्याचं नशीब ठरत असणार.

मियाझाकींच्या सिनेमातलं खाणंही तसंच. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये तव्यावर अंडी आणि बेकन तडतडतात, ते बघून मी एका रविवारी तशीच अंडी करायला घेतली. त्यांचं अंडं कसं, पिवळा बलक मध्ये, भोवती कडा हलकी कुरकुरीत, आणि चकाकी देवाच्या समईची. बायको स्वयंपाकघरात आली, तव्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पापड का रे करपवलास?”

गेममध्येही माझे असेच हाल. ‘कपहेड’ नावाचा २०१७ चा गेम आहे. १९३० च्या दशकातल्या कार्टूनसारखा, कागदावर पेन्सिलीनं काढलेला, मागचे देखावे जलरंगात. तिथे पहिल्यांदा जी लढाई होते ती बटाटा, कांदा आणि गाजर यांच्याशी. म्हणजे महात्मा फुले मंडईत सकाळी सातला जशी होते तशीच. बटाटा मातीची ढेकळं थुंकतो. ती चुकवायची असतात. पण मागे कुंपण इतकं सुरेख रंगवलंय, ओल्या कागदावर रंग कसा पसरलाय ते दिसतं, की माझी नजर तिकडे गेली, आणि मी बटाट्याच्या हातून मेलो. एकदा नाही, सतरा वेळा. अठराव्या वेळी कांद्यापर्यंत पोहोचलो. कांदा रडायला लागला, मला वाईट वाटलं, मी थांबलो. मेलो.

‘स्पायडर-व्हर्स’बद्दल बोलायला लागलो तर भाचा रिमोट लपवतो, म्हणून थोडक्यात. पहिल्या सिनेमात (२०१८) नवशिका माइल्स सेकंदाला बारा चित्रांत हलतो आणि शेजारचा मुरलेला स्पायडरमॅन चोवीस चित्रांत, म्हणून पोरगा अडखळतोय हे डोळ्यांना न सांगता कळतं. दुसऱ्यात (२०२३) पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडरमॅन आहे, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र कालवलेल्या ‘मुंबॅटन’चा. कोणी ‘चाय टी’ म्हटलं की तो भडकतो. हे मला पटलं. पिवळा पीतांबर तो पिवळा पीतांबरच, न्यूयॉर्कचा का असेना. पण त्या शहराचे विटकरी-हिरवे, जरा सरकून छापल्यासारखे रंग बघून मी थिएटरात ओरडलो, “वेताळ!” कारण ती इंद्रजाल कॉमिक्सची छपाई होती. तीच, जी रद्दीच्या दुकानात आठ आण्याला मिळायची आणि जिच्यात वेताळाच्या जांभळ्या कपड्यांचा रंग थोडा मागच्या भिंतीलाही लागलेला असायचा. मशीनचा दोष तो. आता तोच दोष मुद्दाम करायला शेकडो माणसं बसतात.

आमच्या पुण्यातल्या मंडळींनीही २०२० साली ‘राजी’ नावाचा गेम केला. त्यात गोष्ट पुढे सरकते ती सावल्यांच्या बाहुल्यांतून. ते बघताना मला कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. मी अर्थातच मागची भिंत बघत राहिलो आणि राक्षसांनी बिचाऱ्या राजीला घेरलं.

तर सांगत काय होतो, गवत.

“मामा,” भाच्यानं पोहे संपवले होते, “तो तुझा राजपुत्राचा गेम. तो तरी तू संपवलास का कधी?”

मी घोड्याची मान थोडी वळवली. सूर्य तुऱ्यांच्या मागे आला.

“नाही,” मी म्हणालो. “राजकन्येला सोडवायला गेममध्ये साठ मिनिटं असायची. क्लासमध्ये मशीन मिळायचं अर्धा तास.”

“मग अर्ध्या तासात किती पुढे जायचास?”

“आरशापर्यंत.”

“आणि मग?”

“आरसा बघायचो.”

त्यानं जरा वेळ हिशेब केला. “म्हणजे ती राजकन्या १९९३ पासून थांबलीय?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूरवर गावातून धूर निघत होता. मंगोलांनी बहुधा वाट बघणं सोडून दिलं होतं. भाचा उठला, बशी टीपॉयवर ठेवली, हात पँटला पुसले आणि माझ्या हातातून रिमोट अलगद काढून घेतला, आजोबांच्या हातातून झोपेत पेपर काढून घ्यावा तसा.

“तू गवत बघ,” तो म्हणाला. “मंगोल मी बघतो.”